सापडलं की बनवलं?

स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कुणी न आणता वाढत जातात. एक खडूची भुकटी आणि दुसरे किस्से! भुकटी आमचे शिपाई म्हातारदेव मामा रोज सकाळी झाडून काढतात. किस्से झाडायला मात्र कुणी येत नाही. ते साठत गेले, साठत गेले, आणि आता एवढे झालेत की कुणी समोर बसलं की माझ्या तोंडून आपोआप सांडतात. तुम्ही बसलायत, तर ऐकाच!

देवळाली प्रवरेच्या अलीकडे, तिन्ही बाजूंनी उसाने वेढलेली आमची हायस्कूलची इमारत. मी गायकवाड, मराठी शिकवतो. माझी खुर्ची दोन गणितवाल्यांच्या बरोबर मध्ये आहे. डावीकडे ठुबे सर. मूळचे पारनेर तालुक्यातले, उंच, खणखणीत आवाजाचे, आणि उत्साह असा की हजेरी घेतानासुद्धा टेबलावर थाप मारतात. उजवीकडे शेख मॅडम. राहात्याच्या. आवाज हळू, पण शब्द असे टाकतात की ठुबे सरांची थाप हवेतच राहते.

या दोघांचा वाद एकच. ठुबे सर म्हणतात, गणित निसर्गात आधीपासून आहे, माणसाला ते फक्त सापडतं. शेख मॅडम म्हणतात, गणित माणसानं बनवलं, घड्याळ बनवलं तसं. सहा वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. मी मध्ये बसून डबा खातो.

*

वादाची सुरुवात नववी 'ब'च्या ऋतुजानं केली. ठुबे सर शिकवता शिकवता म्हणाले, "शून्याचा शोध आपल्या देशात लागला."

ऋतुजानं हात वर केला. "सर, शोध लागला म्हंजे शून्य सापडलं का बनवलं?"

"सापडलं!" सरांनी थाप मारली.

पुढचा तास शेख मॅडमच्या भूमितीचा. ऋतुजानं तोच प्रश्न त्यांनाही टाकला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बनवलं."

मधल्या सुट्टीत दोघं माझ्यासमोर येऊन उभे. "गायकवाड सर, तुम्ही मराठीचे. 'शोध' म्हणजे नक्की काय, ते आत्ताच्या आत्ता सांगा!"

मी भाकरीचा घास खाली ठेवला. म्हटलं, "हे बघा, नव्या बेटाचा शोध लागतो. ते बेट आधीपासून तिथंच असतं. टेलिफोनचाही शोध लागतो. तो आधी कुठंच नसतो. आपल्या भाषेत दोन्हीला शोधच म्हणतात."

मग शेख मॅडम म्हणाल्या, "म्हणजे सगळा घोळ तुमच्या विषयाचा आहे!"

"अगदी बरोबर!" ठुबे सर ओरडले.

दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तेही माझ्याविरुद्ध!

*

पुढची गंमत घटक चाचणीची. पेपर शेख मॅडमनी काढला होता. प्रश्न होता, त्रिकोणाच्या बाजू तीन, चार आणि पाच सेंटिमीटर, तर क्षेत्रफळ काढा. टायपिंगमध्ये पाचाचा आठ झाला. तीन, चार आणि आठ!

कुणाच्या लक्षातच आलं नाही. पोरांनी तीन गुणिले चार, भागिले दोन, उत्तर सहा, असं धडाधड लिहिलं. सगळ्या वर्गाचं एकच उत्तर!

फक्त एका पोरानं ते लिहिलं नाही. प्रशांत नाव त्याचं, नेहमी काठावर पास होणारा. त्याच्या पेपरात क्षेत्रफळाच्या जागी दोन ओळी होत्या. मॅडमनी त्या वाचल्या आणि पेपर तसाच ठुबे सरांच्या पुढ्यात सरकवला. सरांनी मोठ्यानं वाचलं:

"मॅडम, मी खराट्याच्या काड्या तोडून करून बघितलं. तीन आणि चारची टोकं भेटतच न्हाईत. त्यांचं काहीतरी भांडण झालेलं असावं."

ठुबे सर खुर्चीतून उडालेच! "बघा मॅडम, बघा! तुम्ही बनवायला गेलात, पण तो त्रिकोण व्हायला तयार नाही! गणित माणसाच्या हातातलं असतं तर झाला असता की!"

मॅडमनी पेपर परत घेतला आणि प्रशांतला त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क दिले. बाकीच्या सगळ्यांना शून्य.

मग सरांकडे बघून म्हणाल्या, "शून्य मात्र मीच बनवलंय हं!"

*

त्यानंतर ठुबे सरांना जोर चढला. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी नववीचा अख्खा वर्ग शेजारच्या सूर्यफुलाच्या शेतात नेला. मलाही ओढलं. शेख मॅडम स्वतःहून आल्या. म्हणाल्या, "पंच तर लागेल!"

सरांनी आधी फळ्यावर एक रांग लिहून दिली होती. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस, चौतीस, पंचावन्न. प्रत्येक आकडा म्हणजे मागच्या दोघांची बेरीज. "आता सूर्यफुलाच्या मधल्या बिया बघा. चकलीसारख्या वळत जातात. एका बाजूच्या वळ्या मोजा, मग उलट्या बाजूच्या मोजा. याच रांगेतले आकडे येणार. पैज!"

पोरं स्केचपेन घेऊन फुलांवर तुटून पडली. आरडाओरडा, ढकलाढकली! पहिल्याच फुलात एकीकडे चौतीस आणि दुसरीकडे पंचावन्न आले. सर नाचायचेच बाकी राहिले!

मग दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "सर, माझं तेहतीस!"

"नीट मोज!"

"सर, माझं छत्तीस!"

"तू एक वळी दोनदा मोजलीस!"

"मॅडम," एक पोरगी म्हणाली, "सरांना हवं तेवढं येईपातुर मोजायचं का?"

मॅडमनी हसू दाबलं. तेवढ्यात शेताचे मालक नानासाहेब बांधावरून आले. आधी त्यांना वाटलं, पोरं बिया खातायत. सरांनी सगळं समजावून सांगितलं. नानांनी एक फूल वाकवून निरखून बघितलं.

"हे फुलाला म्हाईत हाय का?"

"नाही, फुलाला कसं माहीत असेल?" सर म्हणाले.

"आन पोरांना मोजता येईना."

"होईल, सवयीनं होईल."

नानांनी टोपी सारखी केली. "फुलाला म्हाईत न्हाई, पोरांना जमत न्हाई. मंग सर, हे गनित हाय तरी कुनाकडं?"



*

भाकरीचा किस्सा तर शाळेत अजून चालतो.

ठुबे सरांनी डब्याच्या सुट्टीत खिशातून दोरा काढला. "आज मी सिद्ध करतो. कुठलीही भाकरी घ्या, कुणाच्याही घरची, लहान-मोठी. तिचा घेर मोजा, व्यासानं भागा. उत्तर कायम तीन आणि वर थोडं! तोच गणितातला पाय! बाईनं पीठ थापताना पाय थापला नव्हता, तरी तो भाकरीत आहेच!"

स्टाफरूमभर डबे उघडले. माझ्या भाकरीचं उत्तर तीन पूर्णांक एक आणि वर काहीतरी. खेळाच्या सरांच्या बाजरीच्या भाकरीचं तेच. शेख मॅडमनी चपात्या आणल्या होत्या, त्यांचंही तेच. सर घामेघूम, आम्ही भुकेले, पण मजा अशी चाललेली की कुणी घास घेईना!

शेवटी हेडसर आत आले. त्यांचाही डबा घेतला. ठुबे सरांनी दोरा फिरवला, भागाकार केला. परत मोजलं. आडवं मोजलं तर दोन पॉइंट नऊ, उभं मोजलं तर तीन पॉइंट चार.

भाकरी गोल नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पण ती हेडसरांच्या सौभाग्यवतींनी केलेली. बोलणार कोण?

"काय झालं?" हेडसरांनी विचारलं.

"सर, जरा... पाय जुळत नाही."

हेडसरांनी भाकरी उचलली, मोडली आणि भाजीत बुडवली. "तीस वर्षं खातोय. हिच्यात चूक नाही. तुमचा पाय दुरुस्त करून घ्या!"

शेख मॅडमनी लगेच वही उघडली. "लिहून घेते. मुख्याध्यापकांच्या आदेशावरून आजपासून पाय बदलला. ठुबे सर, निसर्गातली गोष्ट आदेशानं बदलते का हो?"

*

एक दिवस मॅडमनी सरांना बरोबर कोंडीत पकडलं. "ठीक आहे, सगळं निसर्गात आहे म्हणता ना? मग उणे तीन आंबे दाखवा. दोन शेळ्या कुठंही दिसतील. उणे दोन शेळ्या कुठं दिसतात?"

ठुबे सर दोन दिवस अस्वस्थ. डबा खाईनात. एकदा म्हणाले, थंडीतलं तापमान! मॅडम म्हणाल्या, "ते शून्य माणसानंच ठरवलेलं. शिवाय नगरला कधी उणे गेलंय का? बर्फ बघायला तुम्हाला हिमालयात पाठवते."

तिसऱ्या दिवशी म्हातारदेव मामा चहा घेऊन आले. कप ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, मी काय म्हन्तो, उणे आकडा बघायचा ना? सरांच्या गावाला चला की."

"पारनेरला? तिथं काय आहे?"

"जमीन शून्य धरा. मागल्या उन्हाळ्यात मी सरांच्या भावाच्या शेतावर गेल्तो. बोअरला पानी लागलं उणे सहाशे फुटावर!"

सगळी स्टाफरूम हसून लोटपोट! सरांचा चेहरा मात्र बघण्यासारखा. वादात त्यांची बाजू जिंकली होती, पण गावाची अब्रू गेली होती!

*

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी पोरांनी थेट मतदानच ठेवलं. खोक्याची मतपेटी, दोन चिन्हं. 'सापडलं'चं चिन्ह भिंग, 'बनवलं'चं चिन्ह हातोडा. पालक, गावकरी, विद्यार्थी, सगळ्यांनी रांगा लावून मतं टाकली. ठुबे सरांनी तर प्रचारसभा घेतली! सरपंचांनी दोन्हीवर शिक्के मारले. म्हणाले, "मला दोनी बाजू लागतात." त्यांचं मत बाद झालं.

निकाल लागला. भिंग जिंकलं, तेही दणक्यात! पोरांनी ठुबे सरांना उचललं. गुलाल नव्हता म्हणून रंगीत खडू किसून उधळले. सरांनी पेढे वाटले, स्वतःच्या तोंडात एक टाकला, आणि पेढ्याचा बॉक्स घेऊन शेख मॅडमसमोर उभे राहिले. "घ्या मॅडम. लोकांनी कौल दिला. गणित माणसानं बनवलेलं नाही!"

मॅडमनी पेढा घेतला. "अभिनंदन. फक्त एक सांगा सर. उद्या पोरांनी बहुमतानं ठरवलं की दोन आणि दोन पाच, तर?"

"तर काय? चारच राहतील!" सर तोंडातल्या पेढ्यानिशी गरजले.

"मग आजच्या मतदानानं काय सिद्ध झालं?"

पेढा गिळायला सरांना पूर्ण एक मिनिट लागलं.

मॅडम जाता जाता म्हणाल्या, "पेढा मात्र छान आहे. हा नक्की बनवलेला!"

*

आता जे सांगतो ते घडलं तेव्हा मी तिथं होतो. नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं.

दरवर्षी दिवाळीनंतर पाथर्डीकडची कुटुंबं ऊस तोडायला आमच्या भागात येतात. कारखान्याच्या बाजूला त्यांच्या पाचटाच्या झोपड्या उभ्या राहतात. त्यांना कोप्या म्हणतात. त्यांची पाच-सहा मुलं हंगामापुरती आमच्या वर्गात बसतात. काही पुढच्या वर्षी दिसतात, काही परत कधीच दिसत नाहीत.

त्या वर्षी आठवीत कोमल आली. सकाळी सहा वाजता आईबरोबर उसाच्या फडात जायची, तिथून शाळेत. हातावर उसाच्या पानांचे ओरखडे. शेवटच्या बाकावर बसायची आणि तोंडातून शब्द नाही! शेख मॅडमनी खूप प्रयत्न केले. प्रश्न विचारला की मान खाली. मॅडम मला म्हणायच्या, "तिला समजत नाही की ती माझ्याशी बोलत नाही, तेच मला कळत नाही. चार महिने झाले, मी त्या मुलीपर्यंत पोचलेच नाही." फार लागलं होतं त्यांना ते.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. कोप्या मोडल्या. सगळे गावाकडे निघाले. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही तिघं स्टाफरूममध्ये बसलेलो. बाहेर रस्त्यावर भांडीकुंडी भरलेली ट्रॉली आणि ट्रॅक्टर येऊन थांबला. आणि काय सांगू, कोमल न विचारता पळतच आत आली! धापा टाकत!

"मॅडम, मला एक घावलंय. म्या केलंय."

तिनं पिशवीतून ढीगभर चिंचोके टेबलावर ओतले. एक चिंचोका ठेवला. त्याच्या कडेनं तीन लावले. दोन बाय दोनचा चौकोन झाला. त्याच्या कडेनं पाच. तीन बाय तीन. मग सात. चार बाय चार!

"एक, तीन, पाच, सात! विषम आकडं वळीनं लावत जायचं. दर टायमाला चौकोन पुरा व्हतो मॅडम! कवाच अर्धवट ऱ्हात न्हाई!"

चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकत होतो.

"कुठपर्यंत करून पाहिलंस?" मॅडमनी विचारलं. त्यांचाही आवाज बदलला होता.

"बारापातुर. मंग चिंचोकं संपलं. पर फुडंबी व्हनारच!"

"कशावरून?" ठुबे सरांनी विचारलं. ते कधी उभे राहिले, मला कळलंच नाही.

कोमलनं चौकोनाच्या दोन टोकांवर बोटं ठेवली. "नवी कड लावायला मागल्या कडंपरीस दोनच जास्ती लागत्यात. ह्या टोकाला एक आन त्या टोकाला एक. दर टायमाला दोनच. मंग चुकंल कसं?"

सरांनी माझा दंड गच्च धरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गायकवाड, ही सिद्धता आहे! आठवीतली पोरगी सिद्धता सांगतेय!"

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. कोमल मॅडमकडे बघत होती.

"मॅडम, हे पुस्तकात न्हाई ना? म्या समदं पुस्तक बघितलं. हे माझंच हाय ना?"

आम्हा तिघांनाही माहीत होतं. हे हजारो वर्षांपूर्वीपासून लोकांना माहीत आहे. ठुबे सरांनी मॅडमकडे बघून हळूच मान हलवली. सांगू नका. जाऊ दे तिला आनंदात. खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. एवढ्याशा आनंदावर पाणी कशाला ओतायचं?

दारात तिचे वडील येऊन उभे राहिले होते. डोक्याचा टॉवेल हातात घेऊन, अवघडून. "कोमल, चल माय. ट्रॅक्टरवाला थांबंना."

मॅडमनी कोमलचे दोन्ही हात धरले.

"कोमल, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. हे तू स्वतः केलंस, कुणीही न शिकवता. पण फार फार वर्षांपूर्वीसुद्धा लोकांनी हे केलंय. इथंही, आणि समुद्रापलीकडच्या देशांतसुद्धा. त्यांना तू माहीत नव्हतीस. तुला ते माहीत नव्हते."

कोमलचा चेहरा एकदम उतरला. ती टेबलावरच्या चिंचोक्यांकडे बघत राहिली. ठुबे सरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग तिनं विचारलं, "त्यांनीबी असंच मांडून बघितलं?"

"हो. कुणी खडे मांडले असतील, कुणी आणखी काही."

"आन त्यांचाबी चौकोनच झाला? दर टायमाला?"

"दर वेळी."

"कवाच अर्धवट ऱ्हायला न्हाई?"

"कधीच नाही."

पोरीचे डोळे असे काही चमकले! तिनं सगळे चिंचोके पिशवीत भरले, दारातल्या वडिलांकडे वळली आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आबा, आयकलं का? त्यांचंबी बरोबर आलंय!"